राजाकडे न मागितलेला पूल

आना शेराबचे मी आधी पाय पाहिले, चेहरा मागाहून. आमच्या शाळेच्या मोठ्या खोलीत त्या दिवशी मतदानाची तालीम चालली होती. खरी निवडणूक पुढच्या वर्षी होती. भूतानमध्ये तोवर कोणी कधी एखाद्या पक्षाला मत दिलं नव्हतं, म्हणून हात बसावा यासाठी चार लटके पक्ष काढले होते: पिवळा, लाल, निळा आणि हिरवा. मतयंत्राभोवती पुठ्ठ्याचा आडोसा होता आणि त्याच्या खालून मतदाराची पावलं तेवढी दिसायची. पावलं यायची, थोडी घुटमळायची, यंत्र वाजायचं, पावलं जायची. एका खेपेला पावलं आली, मग त्याच जागी गुडघे दिसले, मग तळहात, मग कपाळ. असं तीनदा झालं. मतदान अधिकाऱ्याला वाटलं बाईला घेरी आली. तो उठेपर्यंत यंत्र वाजलं आणि बाई खांद्यावरचा पट्टा सारखा करत बाहेर आली.

मी दाराशी रांग लावायला उभी होते. मी तिला विचारलं की नमस्कार कोणाला केला. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. पिवळा रंग राजाचा, पिवळा पट्टा राजाशिवाय कोणी घेत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक आहे, असं तिनं मलाच ऐकवलं. मी सांगितलं की राजा या यंत्रात नाही, राजा निवडणुकीला उभाच नसतो. तिनं मागे वळून रांगेकडे पाहिलं. रांग पार शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती.

"मग एवढ्या माणसांना डोंगर उतरायला लावलं कशाला ला?"

आमच्याकडे आदरानं बोलताना वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात. ती रागातही लावायची. त्या दिवशी आमच्या खोऱ्यात पिवळा जिंकला. देशातही पिवळाच जिंकला. का ते सगळ्यांना कळलं.

शेराब नदीपलीकडच्या खारगांग वाडीची. आना म्हणजे ताई, सगळे तिला तसंच म्हणायचे. बाराएक घरं, मक्याची शेतं, मिरच्या, वर जंगल. तेव्हा ती चाळिशीला आली होती. बांधा बुटका, चाल भरभर, बोलणं मात्र सावकाश. एखादी गोष्ट कळली नाही तर ती मान डोलवून वेळ मारून न्यायची नाही, कळेपर्यंत विचारत राहायची. विनोद सांगायची तर शेवटापर्यंत पोहोचायच्या आधीच स्वतः हसून टाकायची, त्यामुळे तिचे बरेच विनोद मला अर्धेच माहीत आहेत. तिचा नवरा नावांग, उंच आणि अबोल. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नदीवरच्या कप्पीत गेली होती.

ती कप्पी म्हणजे वाडीचा येण्याजाण्याचा रस्ता. पूर्वी तिथे लाकडी पूल होता. तो एका पुरात गेला, तेव्हापासून नदीवर ओढलेल्या तारेला एक लाकडी पेटी टांगलेली होती. पेटीत बसायचं आणि दोर ओढत पलीकडे जायचं. माझ्या वर्गातली पलीकडची मुलं अशीच यायची. पावसाळ्यात पाणी तारेपर्यंत उडालं की पेटी बंद, आणि मग ती मुलं दोन-अडीच महिने अलीकडच्या नातेवाइकांकडे राहायची किंवा घरीच.

शेराबच्या वडिलांना स्वतःची जमीन नव्हती. तरुणपणी ते रस्त्याकडेला राजाची गाडी येईपर्यंत हात जोडून उभे राहिले आणि खारगांगची जमीन त्यांना मिळाली. अडलेल्या माणसानं राजाकडे मागायचं आणि राजानं द्यायचं, याला आमच्याकडे किदू म्हणतात. शेराब ज्या चुलीवर मक्याच्या कण्या शिजवायची ती चूल किदूच्या जमिनीवर होती. हे ती कधी विसरली नाही आणि कोणाला विसरू दिलं नाही.

पुढे ती माझ्या संध्याकाळच्या वर्गाला यायला लागली. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग. हिवाळ्यात शेतीचं काम कमी आणि नदी शांत, म्हणून पलीकडची पाच-सहा माणसं यायची. त्यात मेमे गेम्बो नावाचे म्हातारे होते. त्यांना शिकायचं नव्हतं, शाळेतली शेगडी त्यांना आवडायची. मेमे म्हणजे आजोबा, सगळी वाडी त्यांना तेच म्हणायची.

अक्षरं बसल्यावर आम्ही राज्यघटना वाचायला घेतली, कारण तेव्हा घरोघर तेवढंच एक छापील पुस्तक होतं. राजानं पासष्टाव्या वर्षी गादी सोडायची, आणि राजा घटनेविरुद्ध वागला तर संसद त्याला उतरवण्याचा ठराव करू शकते, हे पान आलं. मेमेंनी कान झाकले. शेराबनं विचारलं की हे राजाविरुद्ध कोणी लिहिलं. मी म्हटलं, राजानंच लिहवून घेतलं. तिला ते पटायला आठवडा लागला. मेमेंना कधीच पटलं नाही. ते पान त्यांनी आपल्या घरच्या प्रतीत दुमडून वर मेणाचा थेंब टाकला होता.

मग कोणाचं काम काय, हे आलं. कायदा संसद करते आणि राजाची संमती घेते. कारभार मंत्री चालवतात. कारभार चुकला तर संसदेत मंत्र्यांना विचारतात, राजाला कोणी विचारत नाही, त्याच्यावर खटलाही होत नाही. जमीन नसलेला, अनाथ पोर, निराधार म्हातारा यांचा किदू अजूनही राजाकडे. रस्ता, पूल, दवाखाना सरकारकडे. मी फळ्यावर दोन बाजू केल्या होत्या. शेराब बराच वेळ फळ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे सही राजाची आणि शिव्या पंतप्रधानाला."

सगळा वर्ग हसला. मेमे हसले नाहीत. मी पुढे अनेक वर्षं वरच्या वर्गांना हा धडा शिकवला आणि तिचं ते वाक्य दरवर्षी वापरलं.

गावपातळीच्या निवडणुका आल्या, तेव्हा वाडीची प्रतिनिधी म्हणून उभं राहायला आधी लिहिण्यावाचण्याची परीक्षा द्यावी लागत होती. खारगांगात ती पास झालेली ती एकटीच निघाली. तेव्हा निवडणूक अशी झालीच नाही म्हणा. तिच्या नावापुढे हो किंवा नाही एवढंच दाबायचं होतं. सगळ्यांनी हो दाबलं. नावांग म्हणाला, आता घरात बोलायला परवानगी कोणाची काढायची. तो वर्षातून एखादाच विनोद करायचा.

पूल हे तिचं पहिलं काम. आमच्या गावांच्या गटाचा प्रमुख, ज्याला आम्ही गूप म्हणतो, त्याच्या बैठकीत तिनं पूल मांडला. गूप पेल्देन सरळ माणूस होता. त्यानं तो पंचवार्षिक योजनेत घालून वर पाठवला. पण झुलता पूल म्हणजे मोठं काम, त्याचे पैसे गटाच्या हातात नव्हते. ते मंत्रालयातून यायचे, आणि मंत्रालयाला विचारायचं काम खासदाराचं. खासदार थुकतेन यांनी पहिल्या निवडणुकीत आमच्या शाळेच्या मैदानात, माझ्यासमोर, खारगांगला पूल देतो म्हणून सांगितलं होतं. निवडून आल्यावर ते दोनदा खोऱ्यात आले, दोन्ही वेळा अलीकडच्या काठावरूनच परत गेले.

अशात बातमी आली की शरदात राजा आमच्या खोऱ्यातून पायी जाणार. रस्त्याकडेचं गवत कापलं, मंदिराला चुना दिला. त्यांच्या आधी आठवडाभर राजवाड्याकडचा एक अधिकारी येऊन लोकांचे किदू ऐकून घेणार होता.

खारगांगात मेमेंच्या घरी वाडी जमली. मीही त्या दिवशी तिथेच होते, मेमेंच्या सुनेनं लोणीचहाला बोलावलं होतं. कोणाला काही ठरवायचं आहे असं वाटतच नव्हतं. पूल राजाकडे मागायचा, अर्ज शेराबनं हातात धरायचा, एवढं आधीच ठरलेलं होतं. राजानं पलीकडच्या एका खोऱ्यात एकाला घर बांधून दिल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. पूलही मिळेल, कदाचित हिवाळ्याच्या आतच मिळेल.

शेराब म्हणाली की पूल ती मागणार नाही.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, नेहमीसारखं सावकाश. पूल खासदारानं कबूल केला आहे. आपण राजाकडे मागितला की खासदार सुटला. पुढच्या खेपेला तो म्हणेल, तुम्हाला काय लागेल ते राजाकडे मागा. पूल मिळालाही. पण उद्या त्याची फळी कुजली, तार सैल झाली, तर जाऊन विचारायचं कोणाला?

"राजाला 'का नाही केलंत' असं तुमच्यातलं कोण विचारेल ला? मी नाही विचारणार. माझी जीभ झडेल. मला अशा माणसाकडे मागायचंय, ज्याला मला नंतर चार शब्द सुनावता येतील."

मेमे म्हणाले, "पोरी, तू बसलीयेस ती जमीन कोणी दिली?"

तिनं सांगितलं, राजानं दिली, म्हणून तर राजाकडे फळ्या आणि खिळे मागायला मला लाज वाटते. यावर दोघा-तिघांनी मान डोलावली, पण नावांगनं आपला हात पुढे केला, तीन बोटांचा, आणि बायकोसमोर धरला.

"तुझा तो जाब नदी पार करतो का?"

शेराब त्या हाताकडे पाहत राहिली. नावांगचं बरोबर होतं आणि तिचंही चूक नव्हतं, आणि मी तिथे पाहुणी म्हणून चहा पीत होते.

तिला वगळून अर्ज देता आला असता. अर्ज कोणीही देऊ शकतो. पण मेमेच नको म्हणाले. वाडीची प्रतिनिधी नाही म्हणते आणि आपण तिला ओलांडून जायचं, म्हणजे घरचं भांडण राजासमोर नेण्यासारखं. भांडण घेऊन राजासमोर जायचं नाही, हे त्यांच्या लेखी पुलाहून मोठं होतं. इतका राजाचा माणूस, पण त्यामुळेच शेराबचा शब्द राहिला.

अधिकारी आला तो नदीच्या अलीकडे बसला. पलीकडची माणसं पेटीतून एकेक करून आली. शेराबनं एकच किदू मांडला. वाडीत एक मुलगी होती, आई-बाप दोघंही गेलेली, मामाकडे राहायची, सातवीनंतर शाळा सुटणार होती. अधिकाऱ्यानं तिचं नाव टिपून घेतलं. मग त्यानं नदीकडे पाहिलं. पेटी त्याच वेळी एका म्हातारीला घेऊन मध्यावर हेलकावत होती. त्यानं विचारलं की तुम्ही सगळे असेच येता का.

मागे सगळी वाडी उभी होती. मीही होते. मागायला आता तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसतं हो म्हणून गप्प राहिलं असतं तरी पुरलं असतं.

"हो ला," शेराब म्हणाली. "पूल सरकारच्या योजनेत आहे ला. आमचे खासदार बघताहेत."

अधिकारी बरं म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

त्यानंतर वाडीनं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण कोणी केलं नाही, आमच्याकडे सहसा करत नाहीत. तिच्या वाटेवर आलेला माणूस बाजूला सरून तिला जाऊ द्यायचा, जशी ती कोणी मोठी अधिकारी असावी. पाणचक्कीवर तिची पाळी आली की चक्की बिघडलेली असायची. नावांग बोलायचा, पण तो मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे फरक कळणं अवघड. ती माझ्याकडे येऊन बसायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची.

हिवाळ्यात खासदार थुकतेन जिल्ह्याच्या गावी सभेला आले. शेराब एक दिवस चालून गेली. गूप पेल्देन तिथे होता, पुढचं मी त्याच्याकडून ऐकलं. मोठ्या माणसाला आमच्याकडे दासो म्हणतात आणि त्याच्याशी बोलताना नजर खाली ठेवतात, हात तोंडावर धरतात. शेराबनं तसंच केलं. खाली मान घालून, तोंडावर हात धरून ती म्हणाली, "दासो, राजाच्या माणसानं मला पुलाचं विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. आता मला खोटी पाडू नका ला."

खासदारांचे कान लाल झाले, असं पेल्देन सांगतो. पत्र वर पाठवलंय, असं ते म्हणाले. कोणाला पाठवलं, असं तिनं विचारलं. मंत्रालयाला. मंत्रालयानं काय कळवलं, असं तिनं विचारलं. अजून उत्तर नाही. मग उत्तर मागवायला दासो कधी जाणार, असं तिनं विचारलं, तरी मान खालीच. शेवटी त्यांनी संसदेत प्रश्न लावायचं कबूल केलं, आणि लावलाही. तो प्रश्न आणि मंत्र्याचं उत्तर आम्ही शाळेच्या रेडिओवर ऐकलं. पाहणी करू, असं उत्तर होतं. मोजमाप करणारे इंजिनीअर वसंतात येऊन गेले. पैसे त्या वर्षी आले नाहीत.

मग पावसाळा. सतत पाऊस होता आणि पेटी बंद होती, तेव्हा मेमे गेम्बो वारले. वय झालं होतं, आजारी असे नव्हते. आमच्याकडे माणूस गेला की लामा येऊन त्याच्या जिवाला वाट दाखवेपर्यंत प्रेताला कोणी हात लावत नाही. लामा अलीकडच्या मंदिरातला. तो काठापर्यंत आला, पण तार पाण्याला टेकत होती. वरच्या अंगानं जंगलातून जायची वाट दरड पडून बंद होती. दोन दिवस लामा आमच्या काठावर ताडपत्रीखाली बसून पलीकडे तोंड करून मंत्र म्हणत होता. नदीच्या आवाजात ते मलाही ऐकू येत नव्हते, मी त्याच्यापासून चार हातांवर होते. पलीकडे मेमेंचं घर दिसत होतं, अंगणात माणसं उभी दिसत होती. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि नावांगनं लामाला पेटीतून ओढून नेलं.

यानंतर वाडीतलं कोणी शेराबला काही म्हणालं नाही. म्हणायची गरज राहिली नव्हती. अखेरचे सगळे विधी आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. मी काही समजुतीचं बोलायला गेले तर तिनं थांबवलं.

"अर्ज दिला असता तर पूल झाला असता, मॅडम. मला ते माहीत आहे ला. उगाच नाही म्हणू नका."

मी नाही म्हटलं नाही. मी विचारलं की पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील. तिनं खूप विचार केला. तिला ठाऊक नाही, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी तिचा चहा तसाच राहिला.

पुढच्या वर्षी दुसरी निवडणूक झाली. थुकतेन आणि त्यांच्यासमोर उभा असलेला उमेदवार, दोघंही मत मागायला पेटीत बसून खारगांगला गेले. थुकतेन आले तेव्हा दोर ओढायला नावांग होता आणि त्यानं पेटी मध्यावर थोडी जास्तच वेळ थांबवली, असं म्हणतात. तो म्हणतो कप्पी अडकली. थुकतेन हरले. नव्या खासदाराच्या दुसऱ्या वर्षी पूल झाला. उद्घाटनाच्या भाषणात नव्या खासदाराचं नाव चार वेळा आलं. थुकतेन यांचं आलं नाही, खरं तर कागद त्यांनीच हलवले होते. शेराबचंही आलं नाही. ती लोकांमध्ये उभी होती आणि टाळ्या वाजवत होती.

दोन वर्षांनी वाडीच्या प्रतिनिधीची निवडणूक पुन्हा आली. या खेपेला परीक्षा पास झालेले दोघं होते. दुसरा उमेदवार मेमेंचा नातू. शेराबला पाच मतं पडली. त्यातलं एक माझ्या ओळखीचं, नावांगनं स्वतः येऊन सांगितलं, जरी मत गुप्त ठेवायचं असतं हे मी त्याला समजावलं होतं. बाकीची कोणाची याचा तिनं शोध घेतला नाही. पाणचक्की मात्र त्यानंतर बिघडायची थांबली.

पुलाची एक फळी मागच्या वर्षी सुटली. मेमेंच्या नातवानं गूपला कळवलं, गूपनं जिल्ह्याला, आणि महिन्याभरात फळी बसली. एवढंच झालं. यात शेराबचा काही हात नव्हता, तिला ते मी सांगितलं तेव्हा कळलं.

ज्या मुलीचा किदू तिनं मांडला होता ती आता राजधानीत परिचारिका आहे. मी निवृत्त होऊन अलीकडच्या काठावरच घर केलं आहे. शेराबनं घरामागे कोंबड्यांचं खुराडं घातलंय आणि आमच्या शाळेच्या जेवणाला अंडी तीच पुरवते, सोमवारी आणि गुरुवारी.